जुलाबात प्रोबायोटिक: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत जुलाब आणि प्रोबायोटिक, म्हणजे औषध म्हणून घ्यायचे जिवंत जंतू, यांविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त होते. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. ज्यांना आधीचा एखादा आजार आहे, त्यांनी औषध सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न: माझी मुलगी दीड वर्षाची आहे. कालपासून दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शी होतेय. ताप नाही, पण किरकिर करते. मागच्या वेळी आणलेल्या प्रोबायोटिकच्या पुड्या घरात आहेत. त्या लगेच सुरू करू का?

उत्तर: पुडी बाजूला ठेवा आणि आधी जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, तयार करा. जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. प्रोबायोटिक त्यातला एक थेंबही भरून काढत नाही. घरोघरी नेमकी इथेच गल्लत होते: पुडी दिली, म्हणजे उपचार सुरू झाले असं वाटतं आणि पाणी पाजणं मागे पडतं.

ओआरएस चालतं त्यामागचं कारण सोपं आहे. आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणारी वाट असते. ती दोघं आत शिरली की पाणीही त्यांच्यामागून ओढलं जातं. बहुतेक जुलाबांत आतडं बिघडलेलं असूनही ही वाट चालू राहते. पण त्यासाठी दोघांचं प्रमाण ठरलेलं असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्यात ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम असतं. म्हणून एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच, सगळंच्या सगळं विरघळवायचं. अंदाजाने अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकलं, तर द्रावण खारट आणि दाट होतं, रक्तातलं सोडियम वाढू शकतं. उलट फार पातळ केलं तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. पाकिटावर 200 मिलि लिहिलं असेल तर 200 मिलिच पाणी मोजून घ्या. वरून साखर घालू नका, कारण जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. उकळून गार केलेलं पाणी वापरा. तयार द्रावण 24 तासांनंतर टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलि, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिलि द्यायचं. वाटी-चमच्याने, थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असं पुन्हा सुरू करा. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रण चालतं. देण्याआधी चव घेऊन पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या आणि नव्याने करा.

दुसरी गोष्ट झिंकची. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिग्रॅ, त्याहून लहान बाळाला 10 मिग्रॅ, असं 10 ते 14 दिवस द्यायचं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी ठरलेले दिवस पूर्ण करायचे. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा, पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका.

हे सगळं सुरळीत चाललं असेल आणि मुलगी एरवी ठणठणीत असेल, तर पुडी द्यायला हरकत नाही. मात्र ती कशाची आहे आणि तिची मुदत संपलेली नाही ना, ते पाहूनच. त्याचं उत्तर पुढे आहे.

काही लक्षणं दिसली तर मात्र घरी थांबू नका: सहा तासांत लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल आहे किंवा पाणी दिसलं की अधाशासारखं पितं, काहीच पोटात टिकत नाही, शीत रक्त आहे. एक साधी तपासणी घरीही करता येते. बेंबीच्या बाजूची कातडी दोन बोटांच्या चिमटीत उचलून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी. सावकाश खाली बसली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली तर तडक दवाखाना गाठा.

प्रश्न: एक डॉक्टर प्रत्येक जुलाबाला प्रोबायोटिक लिहून देतात, दुसरे म्हणतात काही उपयोग नाही. खरं कोणाचं? आम्हाला तर दर वेळी गुण येतो.

उत्तर: दोघांकडेही आधार आहे, मात्र तो वेगवेगळ्या काळातला आहे. पूर्वीच्या अनेक छोट्या अभ्यासांत प्रोबायोटिकने जुलाब साधारण एक दिवस लवकर थांबल्याचं दिसलं होतं. मग 2018 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकदमच प्रसिद्ध झाले. अमेरिकेत 971 मुलांवर लॅक्टोबॅसिलस रॅमनोसस जीजी तपासलं गेलं, कॅनडात 886 मुलांवर दोन जिवाणूंचं एक मिश्रण. दोन्हीकडे नकली औषध घेतलेली मुलं आणि प्रोबायोटिक घेतलेली मुलं सारख्याच वेगाने बरी झाली. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 82 अभ्यास आणि 12,127 रुग्ण होते. त्यातले काटेकोरपणे केलेले अभ्यास वेगळे काढल्यावर, 48 तासांपेक्षा जास्त टिकणाऱ्या जुलाबांच्या प्रमाणात प्रोबायोटिकमुळे फारसा फरक पडत नाही, असंच दिसलं.

मार्गदर्शक सूचनाही त्यामुळे दुभंगल्या. अमेरिकेतली पोटविकारतज्ज्ञांची संघटना तिथल्या मुलांना साध्या संसर्गजन्य जुलाबात प्रोबायोटिक देऊ नये, असं सुचवते. युरोपातली बालपोटविकारतज्ज्ञांची संघटना 2023 मध्ये म्हणते की काही ठरावीक स्ट्रेन, म्हणजे जंतूंचे विशिष्ट वाण, देण्याचा विचार करता येईल, पण पुरावा कमकुवत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या उपचारात ओआरएस, झिंक आणि खाणं आहे, प्रोबायोटिक नाही.

दर वेळी गुण का येतो, तेही समजून घ्या. विषाणूंमुळे होणारे बहुतेक जुलाब तीन ते सात दिवसांत आपले आपणच थांबतात. आपण औषध सुरू करतो ते त्रास शिगेला पोहोचलेला असताना, साधारण दुसऱ्या दिवशी. तिथून उतार पडणारच असतो, मग जे दिलं त्याला श्रेय मिळतं.

आमचं मत असं: धडधाकट माणसाच्या साध्या जुलाबात प्रोबायोटिक ही ऐच्छिक जोड आहे. द्यायचंच असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू करावं. चौथ्या दिवशी, शी घट्ट व्हायला लागल्यावर सुरू करण्यात काही अर्थ नाही. आणि मूल मोजकंच काही तोंडात घेत असेल, तर ती जागा ओआरएसची आहे.

प्रश्न: औषधांच्या दुकानात पंधरा-वीस तऱ्हेची प्रोबायोटिक दिसतात. कुणावर ‘दहा जिवाणूंची ताकद’, कुणावर ‘5 अब्ज सीएफयू’. निवडायचं कसं?

उत्तर: पुढची बाजू सोडा, खोका उलटा करा आणि बारीक अक्षरं वाचा. (सीएफयू म्हणजे जिवंत जंतूंची संख्या.) जिवाणूचं नाव तीन भागांत असायला हवं: कुळ, जात आणि शेवटी अक्षरांचा किंवा आकड्यांचा संकेत. तो शेवटचा संकेत म्हणजे स्ट्रेन, आणि अभ्यास झालेला असतो तो स्ट्रेनवर. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘लॅक्टोबॅसिलस रॅमनोसस’ एवढंच छापलं असेल, तर आत अभ्यास झालेलाच जिवाणू आहे की त्याचा कुणी भाऊबंद, हे कळायला मार्ग नाही.

तीव्र जुलाबांसाठी युरोपीय सूचनांत तीन नावं प्रामुख्याने येतात. पहिलं, लॅक्टोबॅसिलस रॅमनोसस जीजी: दिवसाला किमान 10 अब्ज, म्हणजे 1,000 कोटी, जिवंत जिवाणू, पाच ते सात दिवस. दुसरं, सॅकरोमायसिस बोलार्डी: दिवसाला 250 ते 750 मिग्रॅ, पाच ते सात दिवस. तिसरं, लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम 17938: दिवसाला 10 ते 40 कोटी, पाच दिवस. आकड्यांत एवढी तफावत पाहून गोंधळू नका. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, असं दोन वेगळ्या स्ट्रेनमध्ये म्हणता येत नाही. प्रत्येकाचा डोस त्याच्या त्याच्या चाचण्यांतून आलेला असतो.

2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस कुळाची फेरमांडणी झाली, त्यामुळे नव्या खोक्यांवर ‘लॅक्टिकेसिबॅसिलस रॅमनोसस’ किंवा ‘लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी’ असं दिसेल. जिवाणू तोच आहे.

सॅकरोमायसिस बोलार्डी हा जिवाणू नाही, यीस्ट आहे. आंरी बुलार या फ्रेंच संशोधकाने 1920 च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून ते वेगळं केलं. यीस्ट असल्यामुळे त्याचे फायदे आणि धोके दोन्ही वेगळे आहेत, पुढच्या उत्तरांत ते येतीलच.

छोट्या कुपीत मिळणारं बॅसिलस क्लॉसी बरंच वापरलं जातं. 5 मिलिच्या कुपीत सहसा 2 अब्ज बीजाणू असतात. बीजाणूंचं कवच टणक असल्यामुळे ते उष्णता आणि पोटातलं आम्ल सोसतात. साठवायला सोपं, पण जुलाब कमी करण्याचा पुरावा वरच्या तिघांइतकाही पक्का नाही.

मिश्रणात जितकी नावं जास्त तितकं औषध भारी, असं मुळीच नाही. ते नेमकं मिश्रण त्या प्रमाणात तपासलं गेलं असेल तरच त्याला अर्थ. एंटेरोकॉकस असलेली उत्पादनं टाळावीत, असं आम्ही स्पष्टपणे सांगू. या जिवाणूंमध्ये प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं घेण्याची-देण्याची क्षमता असते आणि युरोपीय तज्ज्ञांनी त्याच कारणाने त्यांच्याविरुद्ध सल्ला दिला आहे. इन्युलिन किंवा तत्सम ‘प्रीबायोटिक’ तंतू घातलेली पुडीही जुलाबात नको, त्याने पोट फुगतं.

शेवटी एक ओळ शोधा: लिहिलेली संख्या ‘उत्पादनाच्या वेळची’ आहे की ‘मुदत संपेपर्यंतची’? जिवाणू खोक्यात दर महिन्याला मरत असतात. उत्पादनाच्या वेळचा आकडा तुमच्या हातात येईपर्यंत किती उरलाय, ते त्यावरून समजत नाही.

प्रश्न: अँटिबायोटिक सुरू केलं की मला हमखास जुलाब होतात. या वेळी प्रोबायोटिक सोबतच घेऊ का? दोन्हींत अंतर किती ठेवायचं? नंतर किती दिवस?

उत्तर: प्रोबायोटिकचा पुरावा सर्वांत चांगला आहे तो इथेच, आणि तोही जुलाब होऊ नयेत म्हणून घेण्याबाबत. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात 33 अभ्यासांतली 6,352 मुलं होती. प्रोबायोटिक घेतलेल्यांपैकी 8 टक्के मुलांना अँटिबायोटिकमुळे जुलाब झाले, न घेतलेल्यांपैकी 19 टक्के. म्हणजे साधारण नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. दिवसाला 5 अब्ज किंवा त्याहून जास्त डोसाने परिणाम अधिक चांगला दिसला. मोठ्यांचं चित्र तितकं स्वच्छ नाही. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या 65 वर्षांवरच्या जवळपास तीन हजार जणांवर एक मोठी चाचणी झाली. 2013 मध्ये आलेल्या तिच्या निकालात जिवाणूंच्या मिश्रणाचा काहीच फायदा दिसला नाही.

तुम्हाला हमखास जुलाब होतात, तेव्हा करून पाहायला हरकत नाही. अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीबरोबरच, फार तर पहिल्या दोन दिवसांत, सुरुवात करा. जिवाणूंचं प्रोबायोटिक असेल तर अँटिबायोटिकनंतर किमान दोन तासांनी घ्या, नाहीतर एका गोळीने आणलेलं दुसरी मारून टाकते. सॅकरोमायसिस बोलार्डी यीस्ट असल्यामुळे जिवाणूनाशकांनी मरत नाही, तिथे अंतराची गरज नाही. पण फ्लुकोनाझोलसारखं बुरशीनाशक चालू असेल तर हे यीस्ट त्यातच मरतं, मग ते घेऊच नका.

अँटिबायोटिक संपेपर्यंत घ्या, फार तर पुढे आठवडाभर, आणि थांबवा. ‘आतडी सुधारतील’ म्हणून महिनोन् महिने चालू ठेवू नका. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधल्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर बहुजिवाणू प्रोबायोटिक घेतलेल्या लोकांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. अभ्यास लहान आहे, पण उगाच लांबवू नये, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

एक इशारा. अँटिबायोटिक चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू झाल्या, तर क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जिवाणूचा संसर्ग असू शकतो. त्यासाठी शौचाची तपासणी आणि वेगळं औषध लागतं. प्रोबायोटिकने तो बरा होत नाही. अशा वेळी जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेणं धोक्याचं असतं, कारण विष आतड्यातच साचून राहतं. अँटिबायोटिक चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न: वडील 72 वर्षांचे आहेत, किमोथेरपी चालू आहे, मानेजवळच्या शिरेत नळी घातली आहे. जुलाब झालेत. ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून नातेवाइकांनी प्रोबायोटिकच्या पुड्या आणून दिल्या. द्याव्या का?

उत्तर: देऊ नका. पुडी त्यांच्या खोलीत उघडूही नका.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जंतू. निरोगी माणसाच्या आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी त्यांना आतड्यातच अडवून ठेवतात. किमोथेरपीत हे दोन्ही पहारे ढिले पडतात आणि तोच जंतू रक्तात उतरू शकतो. सॅकरोमायसिस बोलार्डीमुळे रक्तात यीस्टचा संसर्ग झाल्याचे, काही मृत्यूंचेही, दाखले वैद्यकीय नोंदींत आहेत. मोठ्या शिरेतली नळी हा सर्वांत मोठा धोका. पुडी फाडली किंवा कॅप्सूल उघडली की भुकटीचा अगदी बारीक धुरळा उडतो, हाताला चिकटतो, आणि तोच हात नळीच्या तोंडाला लागतो. हा संसर्ग पुडी न घेतलेल्या, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही झालेला आहे. म्हणूनच नळी असलेल्या रुग्णांना हे यीस्टचं औषध वर्ज्य आहे, आणि अतिगंभीर किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांनाही देऊ नये, अशी सूचना युरोपच्या औषध नियामकांनी पुढे जोडली. दुसऱ्या रुग्णासाठी द्यायचंच असेल तर खोलीबाहेर, हातमोजे घालून उघडायचं आणि हातमोजे टाकून हात धुवायचे, हा रुग्णालयातला नियम आहे.

वर्ज्य असलेली मंडळी एवढीच नाहीत. अवयव बदललेले, जास्त डोसाने स्टिरॉइड घेणारे, अतिदक्षता विभागातले रुग्ण यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय कोणतंच प्रोबायोटिक घेऊ नये. हृदयाची झडप कृत्रिम किंवा खराब असेल तर लॅक्टोबॅसिलसही तिथे चिकटून संसर्ग करू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर गंभीर असतं. आतड्याचा मोठा भाग काढून टाकलेल्या रुग्णांत काही लॅक्टोबॅसिलस डी-लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्याने जीभ जड होते, तोल जातो, माणूस भ्रमल्यासारखं वागतो. तीव्र स्वादुपिंडदाहाचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. नेदरलँड्समध्ये अशा गंभीर रुग्णांना सहा जिवाणूंचं मिश्रण दिलं गेलं. 2008 मध्ये निकाल आले तेव्हा प्रोबायोटिक गटात 16 टक्के मृत्यू होते, दुसऱ्या गटात 6 टक्के.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबतही तसंच. अशा बाळाला घरच्या घरी, कुणाच्या सल्ल्याने, थेंबसुद्धा देऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये, प्रोबायोटिकमधल्याच जिवाणूच्या संसर्गाने एक अपुऱ्या दिवसांचं बाळ दगावल्यानंतर, रुग्णालयांना इशारा दिला. त्याआधी 2014 मध्ये एका पूरक उत्पादनात बुरशीची भेसळ सापडली होती, तेव्हाही बळी गेलं ते अपुऱ्या दिवसांचंच बाळ.

वडिलांच्या जुलाबाचं कारण किमोथेरपीच असू शकतं किंवा संसर्ग. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. आजच कर्करोगतज्ज्ञांना फोन करा. ताप 38 अंश सेल्सिअसला पोहोचला तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न: कॅप्सूल उघडून दुधात घातली तर चालते का? फ्रिजमध्ये ठेवायची का? मूल अर्धी बाटली पिऊन सोडून देतं, मग डोस कसा पूर्ण करायचा?

उत्तर: पूर्ण बाटलीत घालूच नका. दोन-तीन चमचे पाणी, दूध किंवा मऊ भरडीत कालवा आणि सगळं एका बैठकीत पोटात जाऊ द्या. उरलेलं दूध मागाहून साधंच द्या. लहान मुलाला अख्खी कॅप्सूल कधीच देऊ नका, घशात अडकते. कोरडी भुकटीही जिभेवर टाकू नका, ठसका लागतो.

पदार्थ कोमट किंवा खोलीच्या तापमानाचा हवा, मनगटावर थेंब टाकला तर गरम लागू नये इतकाच. सॅकरोमायसिस बोलार्डी 50 अंश सेल्सिअसच्या वर टिकत नाही आणि लॅक्टोबॅसिलसलाही जास्त उष्णता सोसत नाही. वाफाळत्या दुधात ढवळलेली पुडी म्हणजे मेलेले जंतू. कालवल्यावर लगेच द्या, तासभर ठेवू नका. एक डोस चुकला तर पुढचा दुप्पट करू नका.

साठवणीचा नियम खोक्यावरचाच पाळायचा. काही प्रोबायोटिक फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागतात, काही 25 अंशांखाली कपाटात चालतात. दोन्हींचा मोठा शत्रू ओल आहे. फ्रिजमधून काढलेली बाटली उघडी ठेवली की आत दव धरतं आणि सुप्त जिवाणू ओलाव्याने जागे होऊन उपाशी मरतात. म्हणून झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओल शोषणारी छोटी पुडी काढून टाकू नका.

बॅसिलस क्लॉसीच्या कुपीत तळाला बारीक कण दिसतात, ते बीजाणूंचे पुंजके असतात, औषध नासलेलं नसतं. कुपी हलवून, उघडल्याबरोबर द्या. दिसायला ती इंजेक्शनच्या कुपीसारखी असते, आणि चुकून टोचली गेल्यामुळे जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झालेली आहे. हे औषध फक्त तोंडाने घ्यायचं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पोटात गुबारा धरणं, थोडे वात सरणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतं. सॅकरोमायसिसने काहींना मलावरोध होतो. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा धाप लागली तर लगेच थांबवा आणि तातडीने डॉक्टर गाठा.

प्रश्न: मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. प्रोबायोटिक चालेल का?

उत्तर: लेबल वाचल्याशिवाय नाही. अनेक लॅक्टोबॅसिलस दुधावर आधारित माध्यमात वाढवले जातात आणि दुधाच्या प्रथिनांचा अंश मागे राहू शकतो. ‘लॅक्टोजमुक्त’ म्हणजे ‘दूधप्रथिनमुक्त’ नव्हे. अ‍ॅलर्जी होते ती प्रथिनांची, साखरेची नव्हे. ‘दुधाची प्रथिनं नाहीत’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर टाळा. पूर्वी दुधाने तीव्र प्रतिक्रिया आली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि यीस्टची अ‍ॅलर्जी असलेल्यांना सॅकरोमायसिस वर्ज्य.

प्रश्न: त्यापेक्षा दही खाल्लं तर?

उत्तर: पचत असेल तर खा, अन्न म्हणून ते चांगलंच आहे. जुलाबानंतर काही दिवस दुधातली साखर नीट पचत नाही, आणि दह्यातले जिवाणू ती पचवायला मदत करतात. पण त्यात कोणता स्ट्रेन आहे आणि किती, हे ठरलेलं नसतं, त्यामुळे मोजून दिलेल्या औषधाची जागा ते घेत नाही. वर ज्यांना प्रोबायोटिक वर्ज्य म्हटलं, त्यांनी दह्याबद्दलही आपल्या डॉक्टरांना विचारावं.

प्रश्न: तीन आठवडे झाले, जुलाब जातच नाहीत. प्रोबायोटिकचा दुसरा डबा चालू आहे. ब्रँड बदलू का?

उत्तर: ब्रँड बदलू नका, डबा बंद करा आणि तपासणी करून घ्या. 14 दिवसांच्या पुढे गेलेल्या जुलाबांची कारणं बहुतेक वेगळी असतात: जिआर्डियासारखे परजीवी, गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सीलिअॅक आजार, दुधातली साखर न पचणं, थायरॉइडचा अतिरेक, आतड्याला सूज आणणारे आजार, किंवा मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनसारखं एखादं चालू औषध. यातलं काहीही प्रोबायोटिकने सुटत नाही, फक्त निदान लांबतं. जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची आणि पूरक गोळ्यांची यादी न्या, त्यात प्रोबायोटिकचं पूर्ण नावही लिहा. वजन उतरलं असेल, झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल किंवा शौचात रक्त असेल, तर ते आधी सांगा, विचारण्याची वाट पाहू नका.